रक्ताची पत्रिका
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवसांत आम्ही मागच्या रांगेत बसून व्याख्यानं ऐकतो आणि आरतीच्या वेळी तेवढे पुढे येतो. यंदा सांस्कृतिक समितीच्या काकूंनी गाठलं. म्हणाल्या, "प्रवचनं पुष्कळ झाली, तुम्ही रक्त तपासता ना, त्यावर काहीतरी उपयोगाचं बोला." म्हणून उभे आहोत. आम्ही म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली माणसं. डॉक्टर नव्हे, डिप्लोमावाले. वीस वर्षं लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधतोय. "आम्ही" म्हणतोय ते मोठेपणा म्हणून नाही. हे काम एकट्याचं नसतं, आणि आज ज्या चुकीबद्दल बोलायचंय तीही एकट्याची नव्हती.

विषय आहे जनुकीय तपासणीचा. शब्द जड आहे, पण सुरुवात आपल्या घरातल्याच एका कागदापासून करू. वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म सगळ्यांनी पाहिलाय. जन्मवेळ, गोत्र, नाडी, मंगळ, आणि खाली एक रकाना रक्तगटाचा. हा रकाना कुणी आणि का घातला, देव जाणे. दोघांचा रक्तगट एकच आला म्हणून चांगली जमत आलेली स्थळं परत गेलेली आम्ही पाहिली आहेत. दोघांचा गट एक असला तर मुलाबाळांना काहीही होत नाही. आई आर-एच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर काळजी घ्यावी लागते, आणि तीही एका इंजेक्शनाने भागते. म्हणजे जे विचारायची गरज नाही ते आपण आवर्जून विचारतो. सगोत्र नको म्हणतो, पण मामेबहीण चालते. जनुकांना गोत्र कळत नाही, रक्ताचं नातं तेवढं कळतं.

जे खरोखर माहीत असावं ते दुसरंच आहे. आपल्या रक्तातला तांबडा रंग हिमोग्लोबिनचा. ते कसं बनवायचं याची कृती आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक वडिलांकडून. एका प्रतीत चूक असली तर दुसरी काम निभावून नेते. असा माणूस वाहक. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि तरीही लोक "बारीकसा आजार आहे तर" असंच ऐकतात. दोन्ही प्रतींत चूक आली की मात्र आजार होतो. चुकीच्या प्रकारावरून त्याला सिकल सेल म्हणतात किंवा थॅलेसेमिया.

सिकल सेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मूल हाडं दुखतात म्हणून रात्र रात्र रडतं. थॅलेसेमिया मेजरमध्ये रक्त नीट तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवायचं, त्यातून शरीरात साठणारं लोह काढायची औषधं घ्यायची, आणि हे जन्मभर. रक्तपेढीबाहेरच्या बाकावर डबा, पाण्याची बाटली आणि अभ्यासाची वही घेऊन बसलेली ही मुलं तुम्हाला दिसली असतील. कोणत्या हातात शीर चांगली सापडते हे तीच आम्हाला सांगतात.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण मोकळ्या मुलाची. हे ऐकलं की लोक हिशेब मांडतात, पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली. तसं नसतं. इथे बऱ्याच भगिनी भिशी लावतात. भिशीत ज्याची चिठ्ठी निघाली ती पुन्हा डब्यात पडत नाही. इथे दर वेळी चारही चिठ्ठ्या परत डब्यात पडतात. लागोपाठ दोन मुलं आजारी असलेली घरंही आमच्या नोंदवहीत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे आदिवासी भागाचं, नाहीतर अमुक समाजाचं, आपल्यात नसतं. आमच्या टेबलापाशी हे रोज ऐकू येतं, आणि सांगणारा प्रत्येक जण वेगळ्या समाजाचा असतो! थॅलेसेमियाचे वाहक भारतात शंभरात तीन-चार आहेत, काही समाजांत त्याहून जास्त. सिकल सेल आपल्या पश्चिमेला झाबुआ-अलीराजपूरकडे आहे, तसाच विदर्भात आहे, नंदुरबार-धुळ्याकडे आहे. इंदूरच्या किती मराठी घरांचे सोयरे नागपूर-खानदेशात आहेत ते मोजा. आणि यात लाज कसली? ज्या मुलखांत हिवतापाने लेकरं मरायची तिथेच हे जनुक टिकलं, कारण एक प्रत असणाऱ्याला हिवतापापासून संरक्षण मिळत होतं. अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे दाखवून दिलं. ज्याला लोक खोट म्हणतात त्याने कुणाच्या तरी पणजोबांना जगवलेलं आहे.

सरकारने हे काम हाती घेतलंय. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. झाबुआ-अलीराजपूरला राज्याने त्याआधीच काम सुरू केलं होतं. याचा फायदा आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. आजार लहानपणीच कळला तर लस देता येते, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू करता येते. पाणी भरपूर पाज, उन्हात राबवू नको, ताप आला की घरी थांबू नको, एवढं आईला सांगितलं तरी फरक पडतो. पूर्वी अशी मुलं "सारखी आजारी" या नावाखाली जात असत. म्हणून आम्ही पुढे जे बोलू ते तपासणीच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाव सांगत नाही, साल सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत.

बाजाराच्या दिवशी शिबिर होतं. आमचा गट सकाळी पोचला, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, भिंतीवर पोस्टर लावलं. पोस्टरवर चित्र होतं आई-वडिलांचं आणि चार मुलांचं. आमच्यापैकी एकाने तासभर सगळ्यांना समजावलं की आजार तेव्हाच होतो जेव्हा दोन्हीकडून दोष येतो, एकाकडून आला तर होत नाही. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं. आम्ही खूश.

दुपारी एक जोडपं सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. पोर पिवळट, पोट पुढे आलेलं, गुडघे दुखतात म्हणत होतं. शिबिरात बोटाला टोचून एका पट्टीवर झटपट तपासणी होते. मुलाच्या पट्टीवर नुसता सिकलचा पट्टा आला, म्हणजे आजार. आईच्या पट्टीवर दोन्ही, म्हणजे वाहक. वडिलांच्या पट्टीवर फक्त साधं हिमोग्लोबिन. नॉर्मल. आणि आमच्यातल्या नव्या पोराने, रांग मोठी होती म्हणून, तिघांची नावं घेऊन तीन निकाल मोठ्याने वाचले.

रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाने पोस्टरकडे पाहिलं, मग त्या बापाकडे पाहिलं. त्याने काय हिशेब केला असेल ते तुम्हीही आत्ता केला असेल. आजार दोन्हीकडून येतो. बापाकडे तर नाही. मग पोर कुणाचं?

तो माणूस अडाणी नव्हता. आमचं पोस्टर त्याला इतकं नीट समजलं होतं की त्याने ते लगेच वापरलं. पोस्टर बरोबर, पट्टी बरोबर, त्याचा हिशेबही बरोबर, आणि निघालेला अर्थ साफ खोटा. पाच मिनिटांत कुजबुज बाजारापर्यंत गेली. बाई काही बोलली नाही. तिने मुलाला कडेवर घेतलं. सहा वर्षांचं पोर, ते काही कडेवर घेण्याइतकं लहान नव्हतं. संध्याकाळी ती माहेरी गेली, म्हणजे पाठवली गेली.

नियमाप्रमाणे आम्ही पक्क्या तपासणीसाठी तिघांचे नमुने नेले होते. प्रयोगशाळेत एच.पी.एल.सी. नावाचं यंत्र असतं, ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण सांगतं. ते निकाल तीन आठवड्यांनी आले. वडिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन ए-टू नेहमीपेक्षा जास्त होतं, पाचाच्या वर. म्हणजे तो थॅलेसेमियाचा वाहक. त्या पट्टीवर सिकल दिसतो, थॅलेसेमियाचा वाहक दिसत नाही. तो तिच्यावर साधाच दिसतो. मुलाला आईकडून सिकल मिळाला होता आणि बापाकडून थॅलेसेमिया. दोन वेगळे दोष एका पोरात जमले की आजार सिकल सेलसारखाच होतो आणि पट्टीवर नुसता सिकलच उमटतो. पोर त्याचंच होतं. पुरावा त्याच्याच रक्तात होता, आम्ही फक्त अर्धं वाचून मोठ्याने सांगितलं होतं.

त्यानंतर आमच्या समुपदेशक बाई आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. एकदा नाही, चारदा गेलो. पहिल्या वेळी सासऱ्याने खाटही दिली नाही, अंगणात उभं ठेवलं. तसंच व्हायला हवं होतं. बापाला समजायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "मग हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. होळीआधी, भगोऱ्याच्या सुमाराला बाई परत आली. पण गावाने ऐकलेलं गाव विसरलं असेल असं आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. खोटी गोष्ट बाजारभर पसरायला पाच मिनिटं लागली होती. खरी सांगायला चार खेपा केल्या आणि ती एका अंगणापलीकडे गेली नाही.

पुढचा प्रश्न याहून अवघड आहे. समजा, एच.पी.एल.सी.मध्येही वडील साधेच निघाले असते तर? समजा ते पोर खरोखरच दुसऱ्या कुणाचं असतं? आमच्या गटात यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाला, सत्य ते सत्य. आमचं म्हणणं असं, की ती माणसं मुलाच्या गुडघेदुखीसाठी आली होती. बाप कोण, हे विचारायला नव्हती आली. जे विचारलंच नाही ते चव्हाट्यावर सांगायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? रक्ताची नळी आमच्या हातात असते म्हणून त्यातलं सगळं आमच्या मालकीचं होत नाही. बाईला पुढच्या गरोदरपणासाठी जे माहीत हवं ते तिला, एकटीला, सांगावं. मुलावर उपचार करावेत. बाकी गप्प बसावं. हे मत सगळ्यांना पटेल असं नाही, आमच्यातल्याच दोघांना अजून पटलेलं नाही.

त्या शिबिरानंतर आमच्या गटाने निकाल मोठ्याने वाचणं बंद केलं. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात, समुपदेशनाच्या खोलीत. खोली नसेल तर पडदा, पडदा नसेल तर झाडामागे. रांग लांबते, वरून विचारणा होते की आज आकडा कमी का. मोहिमेत आकड्याला महत्त्व असतं हे आम्ही सरकारी माणसं जाणतो. पण आकडा भरताना असलं एक घर मोडलं तर ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

जगात हे आधीही होऊन गेलंय. अमेरिकेत १९७० च्या दशकात काळ्या लोकांमध्ये सिकल सेलची तपासणी धडाक्याने झाली. काही राज्यांनी ती सक्तीची केली. १९७२ मध्ये देशपातळीवर कायदा आला. हेतू चांगला, पण वाहक आणि रोगी यांतला फरकच लोकांना सांगितला गेला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं.

याउलट सायप्रस. छोटं बेट, सातात एक माणूस थॅलेसेमियाचा वाहक. तिथे चर्चने ठरवलं की लग्नाआधी तपासणीचा दाखला हवा. पण दाखल्यावर काय लिहायचं? एवढंच, की या व्यक्तीची तपासणी झाली आणि तिला योग्य सल्ला मिळाला. निकाल लिहायचा नाही. निकाल त्या दोघांचा. आणि गंमत अशी की दोघंही वाहक निघाले तरी बहुतेक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत. गरोदरपणात वेळेवर तपासणी केली. थॅलेसेमिया घेऊन जन्मणारी मुलं तिथे जवळजवळ दिसेनाशी झाली. तो दाखला कसा लिहायचा हे ज्याने कुणी ठरवलं, त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

आणि आपल्या मराठी मुलखाचं काय? ते बोलायला जड जातं. गर्भजल परीक्षा सत्तरच्या दशकात आपल्याकडे आली ती गर्भातले जनुकीय दोष ओळखायला. बघता बघता ती मुलगी ओळखायला वापरली गेली. महिला संघटनांनी रान उठवलं, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला बंदी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. त्या तंत्रात काही खोट नव्हती. सुई तीच होती, विचारणाऱ्याचा प्रश्न बदलला होता. हिमोग्लोबिनचे आजार ओळखण्यासाठी गर्भाची तपासणी करायला कायदा आजही परवानगी देतो, नोंदणी झालेल्या केंद्रात, ठरलेल्या अटींवर. ही वाट उघडी राहायला हवी, आणि तिच्यावर पहाराही हवा.

गर्भात आजार सापडला तर पुढे काय, हा निर्णय त्या आई-वडिलांचा, त्यातही आईचा. कुणी मूल ठेवतं, कुणी ठेवत नाही. दोन्ही प्रकारच्या आया आमच्या टेबलापाशी येतात. एका बाईंना शेजारणीने विचारलं होतं, "आधी कळलं होतं तरी जन्माला घातलंत?" असं विचारण्याची सवय लागली तर तपासणी ही सोय राहणार नाही, सक्ती होईल. रक्त चढवून घेणारं ते पोर वहीत गणितं सोडवत बाजूलाच बसलेलं असतं आणि त्याला सगळं ऐकू येतं.

आता कामाचं बोलू. कार्यकारिणीत सूचना आली आहे म्हणे, की परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर रक्तगटाशेजारी थॅलेसेमिया आणि सिकल सेलचा रकाना घालावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण आमचा विरोध आहे. तो रकाना मुलीच्या फॉर्मवर वाचला जाईल, मुलाच्या फॉर्मवर नाही. मंगळाचं काय होतं ते आपण पाहतोच. हे आम्ही उगाच म्हणत नाही. गरोदर बाई वाहक निघाली की आम्ही नवऱ्याला बोलावतो, आणि किती तरी नवरे येतच नाहीत. "माझ्यात काही नाही, तिच्यातच आहे" म्हणतात. वास्तविक नवरा वाहक नसेल तर काळजीच मिटली. दहा मिनिटांचं काम, पण पुरुषाला शीर दाखवायला लाज वाटते.

आमचं सांगणं असं. तपासणी स्थळं बघायच्या आधी, कॉलेजच्या वयात, मुलाची आणि मुलीची दोघांची व्हावी. निकाल ज्याचा त्याच्याजवळ. बोलणी ठरण्याच्या बेतात आली की त्या दोघांनी एकमेकांना सांगावा, बैठकीतल्या पंधरा जणांना नाही. एक वाहक असेल तर काहीच अडत नाही. दोघंही असतील तरी लग्न करा, फक्त गरोदरपण कळताक्षणी डॉक्टरांकडे जा, कारण गर्भाची तपासणी साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात होते आणि आपल्याकडे बातमी सांगायलाच तिसरा महिना उजाडतो.

थोडं तांत्रिकही लक्षात ठेवा. झटपट पट्टी ही चाळणी आहे. चाळणीतून उरलेलं पुन्हा बघावं लागतं, आणि पट्टीवर "साधा" आला म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक नाही, असं होत नाही. पक्की तपासणी मागा. तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, नाहीतर आम्ही दात्याचंच हिमोग्लोबिन मोजत बसू. अंगात लोह कमी असेल तर थॅलेसेमियाचा वाहक लपून राहू शकतो, आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे विशेष. आणि हल्ली थुंकी पाठवा, मुलाचं भविष्य सांगतो असल्या जाहिराती येतात. त्यावर एवढंच म्हणू, की ज्योतिषी तरी तुमचा चेहरा बघून बोलतो.

काकूंनी विचारलं होतं की विसर्जनाच्या आधी मंडपातच एक तपासणी शिबिर घ्यायचं का. घेऊ. रक्त मंडपात घेऊ, आम्ही चार जण सुट्टीच्या दिवशी येऊ. निकाल मात्र मंडपात वाटणार नाही, माइकवरून तर नाहीच. मागच्या बाजूची भांड्यांची खोली दोन दिवस रिकामी करून द्या आणि तिला आतून कडी लावून द्या, सध्या ती तुटलेली आहे.

तो मुलगा आता मोठा झालाय. गोळी घेतो, तीन वर्षांत एकदाच भरती झाला. दर महिन्याला बाप त्याला घेऊन येतो. मागच्या खेपेला दोघंच नव्हते, बाईही आली होती. तिला दिवस गेले होते, आठवा आठवडा. आम्ही पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते नवऱ्याकडे दिलं नाही, स्वतःच उघडलं, आणि मग दोघं खोलीत समुपदेशक बाईंसमोर जाऊन बसले. दार आम्ही बाहेरून ओढून घेतलं.